छोट्या लक्झरी जहाजाची सफर: केबिन कशी निवडायची, तयारी काय करायची? सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती साधारण १०० ते ३०० प्रवाशांच्या जहाजांबद्दल आहे. चार-पाच हजार माणसं नेणाऱ्या तरंगत्या शहरांचे नियम वेगळे, त्यांची गल्लत करू नका.

मोठं जहाज स्वस्त पडतं. मग छोटंच का?

काही ठिकाणी पर्यायच नसतो. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांमध्ये १०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला फिरायची परवानगी नाही. अंटार्क्टिकात ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही, आणि लहान जहाजांनीही एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत, असा नियम आहे. म्हणजे २०० प्रवाशांचं जहाज असेल तर निम्मे लोक किनाऱ्यावर आणि निम्मे वाट बघत. ९० चं असेल तर सगळे एकदम खाली. तिथे जहाज निवडताना स्पापेक्षा हा आकडा आधी बघा.

भूमध्य समुद्रात किंवा नॉर्वेत छोट्या जहाजाचा फायदा असा की ते गावाच्या अगदी धक्क्याला लागतं. तोटा एकच, पण मोठा: लाटेत ते जास्त हलतं. म्हणून केबिन कुठे आहे याला इथे फार महत्त्व.

डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, समोर आहे. नेमकी कोणती केबिन मागायची?

थोडक्यात उत्तर: जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या किंवा मधल्या डेकवरची, आणि जिच्या वरही केबिनच आहे आणि खालीही केबिनच आहे अशी.

कारण समजून घेतलं तर पुढे कोणत्याही जहाजाचा नकाशा तुमचा तुम्हाला वाचता येईल. जहाज मुख्यतः दोन प्रकारे हलतं. एक, पुढचं टोक वर आणि मागचं खाली, मग उलट. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर उडतं आणि मधला खांब जागेवर राहतो, तसंच हे. दुसरं, डावी-उजवीकडे डोलणं. यात जितके वर जाल तितका झोका मोठा. त्यामुळे सगळ्यात जास्त हलणारी केबिन म्हणजे सगळ्यात वरच्या डेकवरची, अगदी पुढची. गंमत अशी की बऱ्याच जहाजांवर तिथेच महागडे स्वीट असतात. समोरच्या काचेतून देखावा छान दिसतो म्हणून पैसे जास्त. समुद्र खवळला की तोच देखावा वर-खाली होतो.

जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणारं नाही. शिवाय त्यांना काम करायला सहसा वेग लागतो, त्यामुळे जहाज फार हळू चाललं की त्यांचा उपयोग घटतो. "आमच्या जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, काही हलत नाही" असं कोणी सांगितलं तर अर्धंच खरं धरा.

आता आवाज. डेक प्लॅनच्या तीन पानांच्या प्रिंट काढा: तुमचा डेक, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा. तीन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. तुमच्या केबिनच्या बरोबर वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे साडेपाच-सहाला खुर्च्या ओढल्याचा आवाज येणार. वर भटारखाना असेल तर ट्रॉल्या फिरणार. खाली बार किंवा थिएटर असेल तर रात्री उशिरापर्यंत ठेका ऐकू येणार. लिफ्ट आणि जिन्याला खेटून असलेली केबिन टाळा, दोन-तीन दारं सोडून मागा. नकाशावर कोणताही शब्द नसलेली कोरी पांढरी जागा दिसली तर ती बहुधा कर्मचाऱ्यांची पेंट्री, लाँड्री किंवा यंत्रांची खोली असते. ती शेजारी नको.

अगदी पुढे असाल तर नांगराची साखळी ऐकू येते. नांगर पडतो तो बहुतेक सकाळीच, आणि तो आवाज गजराच्या घड्याळाची गरज ठेवत नाही. बंदरात जहाज आडवं सरकवायला पुढच्या बाजूला जो पंखा असतो, त्याची घरघर आणि कंप खालच्या डेकवर पुढे जास्त जाणवतो. अगदी मागे इंजिन आणि जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा कंप. एकूण फिरून उत्तर मध्यभागावरच येतं.

आणखी एक गोष्ट. दोन केबिनच्या मधे आतून दार असेल तर नकाशावर तसं छोटं चिन्ह असतं. कुटुंबासाठी हे सोयीचं, पण शेजारी अनोळखी माणसं असतील तर भिंतीपेक्षा दारातून आवाज जास्त येतो. घोरणारा शेजारी मिळाला तर सात रात्री निघणं कठीण.

बाल्कनी घ्यायचीच का? फरक लाख-दीड लाखाचा सांगतात.

भूमध्य समुद्र, कॅरिबियन, आग्नेय आशिया अशा उबदार मार्गावर आणि दिवसा जहाज किनाऱ्याजवळून जात असेल तर बाल्कनी वसूल होते. अंटार्क्टिकात किंवा नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बर्फाळ स्वालबार्ड बेटांवर आमचं मत वेगळं आहे: बाल्कनीचे पैसे वाचवून मध्यभागातली खिडकीची केबिन घ्या आणि वाचलेल्या पैशात दिवस वाढवा. तिथे देवमासा दिसला की घोषणा होते आणि सगळे जाड जॅकेट घालून उघड्या डेकवर पळतात, कारण तो दुसऱ्या बाजूलाही असू शकतो. तुमच्या बाल्कनीतून जगाचा अर्धाच भाग दिसतो.

खिडकीतही प्रकार आहेत. सर्वांत खालच्या डेकवर गोल पोर्टहोल असतात. मोठ्या लाटा असल्या की कर्मचारी त्यांच्यावर आतून धातूची झाकणं लावतात. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीत जाताना साधारण दोन दिवस आणि येताना दोन दिवस लागतात, त्यात हे घडू शकतं. कोंदटल्यासारखं होणाऱ्यांनी एक डेक वरची चौकोनी खिडकी घ्यावी.

"अडथळा असलेला देखावा" असं दरपत्रकात लिहिलेलं असेल तर खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. उजेड मिळतो, समुद्र दिसत नाही. फक्त झोपायला आणि आंघोळीला केबिन वापरणाऱ्यांना हा सौदा चांगला आहे.

डावी बाजू चांगली की उजवी?

एकाच दिशेने जाणाऱ्या सफरीत फरक पडतो, गोल फिरून परत येणाऱ्या सफरीत नाही. मुंबईहून गोवा-कोचीकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. नॉर्वेत दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना किनारा उजवीकडे. बंदरात कोणती बाजू धक्क्याला लागेल हे कप्तान ठरवतो, ते आधी सांगता येत नाही.

"गॅरंटी केबिन" स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

यात वर्गाची हमी असते, जागेची नाही. क्रमांक निघायच्या थोडे दिवस आधी कळतो आणि तो बदलून मिळत नाही. ज्यांना गाडी लागत नाही, झोप गाढ आहे, त्यांनी जरूर घ्यावी. पहिलीच सफर असेल किंवा सोबत सत्तरीचे आई-वडील असतील तर नको.

केबिन केवढी असते? बाथरूमचं काय?

साधी केबिन १७० ते २०० चौरस फूट, म्हणजे १० बाय १८ ची खोली बाथरूम धरून. स्वीट ३०० च्या आसपास आणि पुढे. कडक बॅग उघडून ठेवायला जागा नसते. मऊ, घडी होणारी बॅग आणा, ती पलंगाखाली सरकते. बुकिंगच्या वेळीच दोन वेगळे पलंग हवेत की जोडलेले ते लिहून द्या.

कोणी विचारत नाही पण सगळ्यांना हवं असतं ते उत्तर: जेट स्प्रे बहुतेक जहाजांवर नसतो. दाबून पाणी उडवायची छोटी प्लास्टिकची बाटली मिळते, ती किंवा साधा प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. संडास हवेच्या दाबावर चालतो. त्यात ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, खरकटं काहीही टाकलं तर तुमच्या एकट्याचा नाही, त्या ओळीतल्या सगळ्या केबिनचा तुंबतो.

आईंचे गुडघे दुखतात. जमेल का?

बुकिंगआधी तीन प्रश्न लेखी विचारा. जहाजावर लिफ्ट आहे का आणि ती सगळ्या डेकवर जाते का? यॉटसारख्या लहान जहाजांवर अनेकदा लिफ्टच नसते. बाथरूमच्या दाराला उंबरा किती उंच आहे? आणि किती बंदरांत धक्क्यावरून थेट उतरायचं, किती ठिकाणी लहान बोटीतून?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रबरी झोडिअॅक बोटीत उतरताना खलाशी हात देतो तेव्हा त्याचा पंजा धरायचा नसतो. त्याचं मनगट आपण आणि आपलं मनगट त्याने, असं धरायचं, म्हणजे ओला हात निसटत नाही. बोटीच्या कडेवर बसून पाय पलीकडे टाकावे लागतात. "ओलं उतरणं" असेल तर गुडघ्याच्या खालपर्यंत पाण्यात पाय. घरी ओट्याएवढ्या नाही, पण दिवाणाएवढ्या उंचीवर बसून, न धरता वळून, दोन्ही पाय पलीकडे नेऊन उठता येतं का ते आईंकडून आधी करवून घ्या. जमत नसेल तर धक्क्याला लागणारं जहाज किंवा नदीवरची सफर निवडा.

बोट लागेल याची भीती वाटते. आधी कसं कळेल?

तापोळ्याच्या लाँचमधून फिरून आलो, काही झालं नाही, असं बरेच जण सांगतात. शिवसागर जलाशयाचं पाणी संथ, त्यावरून काही ठरत नाही. आंबेनळी किंवा कुंभार्ली घाटात मागच्या सीटवर बसून उलटी होते का, हा त्यापेक्षा बरा अंदाज. सर्वांत चांगला म्हणजे गेटवे ते मांडवा बोटीने एक फेरी मारणं, शक्यतो दुपारी वारा सुटल्यावर.

कान सांगतो की आपण हलतोय आणि डोळे केबिनच्या स्थिर भिंतीकडे बघून सांगतात की नाही. या भांडणातून मळमळ होते. म्हणून डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं, मोबाइल वाचायचा नाही. पोट रिकामं ठेवू नका, तेलकटही नको. कोरडी पोळी, बिस्किट, आलेपाक चालतो. सातारी आल्याचा आलेपाक खिशात ठेवला तर त्याचा मळमळीवर खरंच थोडा उपयोग होतो, पण मोठ्या लाटेत त्याच्यावर विसंबू नका.

घाटात घेतो ती अव्होमिनची गोळी इथेही चालते. मात्र उलटी सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. आदल्या रात्री किंवा निघायच्या एक-दोन तास आधी घ्या. झोप येते, त्यामुळे दारूसोबत नको. प्रोस्टेट वाढलेलं असेल, काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं.

तरीही धास्ती असेल तर नदी. गंगा विलास हे जहाज १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून बांगलादेशमार्गे दिब्रुगडला निघालं, १८ स्वीट आणि ३६ प्रवासी. नदीत हलणं जवळजवळ नाही, म्हणून तिथे केबिनचा हिशोब उलटा: वरचा डेक घ्या. खालच्या डेकच्या खिडक्या पाण्याच्या जेमतेम वर असतात. युरोपातल्या नद्यांवर जहाजं धक्क्याला एकमेकांना खेटून उभी राहतात, तेव्हा बाल्कनीतून शेजारच्या जहाजाची बाल्कनी दिसते. हे माहितीपत्रकातल्या फोटोत नसतं.

शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं का?

मिळतं, पण आधी सांगितलं तर. छोट्या जहाजाचा शिधा ठरलेल्या बंदरातच भरला जातो. मधे कोथिंबीर संपली तर संपली. ६० ते ९० दिवस आधी लेखी कळवा आणि नुसतं "व्हेज" लिहू नका. अंडं चालतं का, मासा आणि मांसाचं सूप म्हणजे शाकाहार नाही, कांदा-लसूण आणि कंदमुळं नकोत, असं एकेक ओळ लिहा. चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला भेटून तेच परत सांगा. सात दिवस पास्ता खायची वेळ येते ती बहुधा हे न केल्यामुळे.

सोबत न्यायच्या खाऊबद्दल सावध राहा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला बंदी आहे, त्यामुळे कंदी पेढे घरीच. सीलबंद भडंग आणि शेंगदाण्याची चटणी सहसा अडत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला बेदाण्यासकट प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर लिहा. लिहिलेलं फार तर फेकायला लावतात, लपवलेल्याला दंड होतो. अंटार्क्टिकात किनाऱ्यावर खायचं काहीही न्यायचं नाही.

उदबत्ती, इस्त्री, किटली?

तिन्ही नाही. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. रोजची पूजा असेल तर न पेटवता करा, बॅटरीचा दिवा चालतो. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्डही जप्त होतो, कारण जहाजाची वीजजोडणी घरासारखी अर्थिंगची नसते आणि असा बोर्ड तापून पेटू शकतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. चहासाठी गरम पाणी मागवा, ते केव्हाही मिळतं.

कपडे?

संध्याकाळी नीटनेटकं, इतकंच. साडी उत्तम दिसते, पण जिना उतरताना हलतं, म्हणून टाचांच्या चपला नकोत, रबरी तळवा हवा. लहान बोटीत उतरायच्या दिवशी साडी नको.

पासपोर्ट, व्हिसा आणि लस: अडतं कुठे?

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध आणि दोन पानं कोरी. बुकिंगवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे माहेरचं-सासरचं नाव आणि मधलं नाव यांत इथे हमखास घोळ होतो.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) घेताना "एकदा प्रवेश" घेऊ नका. समजा जहाज व्हेनिसहून निघून माँटेनेग्रोतल्या कोटरला जातं आणि मग क्रोएशियात स्प्लिटला. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, माँटेनेग्रो नाही. म्हणजे कोटरला तुम्ही बाहेर पडलात आणि स्प्लिटला दुसऱ्यांदा आत आलात. एकेरी व्हिसावर जहाजात चढूच देत नाहीत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

पिवळ्या तापाची लस लोक विसरतात. अंटार्क्टिकासाठी अर्जेंटिना आणि गॅलापागोससाठी इक्वेडोर, हे दोन्ही देश पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत आहेत. तिकडून येताना लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं, लस फक्त शासनमान्य केंद्रात मिळते आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

पैसे कधी आणि कसे भरायचे?

बुकिंगला साधारण २० ते २५ टक्के, बाकी निघण्याच्या ९० ते १२० दिवस आधी. त्यानंतर रद्द केलं तर परतावा झपाट्याने घटतो. दर दोघांत एक केबिन धरून लिहिलेला असतो. एकट्याने जाणाऱ्याला त्यावर अधिभार पडतो, कधी दुप्पटच. "सगळं समाविष्ट" म्हणजे टिप, पेय, किनाऱ्यावरच्या सहली आणि बंदर शुल्क यांतलं काय काय, ते एकेक विचारा. परदेशी पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने तुमच्याकडून आधीच घेऊन सरकारकडे भरायचा कर) कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते, ती धरून चाला.

कोणता हंगाम? आणि घरून कधी निघायचं?

अंटार्क्टिका नोव्हेंबर ते मार्च, भूमध्य समुद्र मे ते ऑक्टोबर, नॉर्वे आणि स्वालबार्ड जून ते ऑगस्ट, गॅलापागोस वर्षभर. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदारांना अंटार्क्टिकाचा हंगाम बागेच्या ऐन कामाशी भिडतो. त्यांना एप्रिलची खरड छाटणी उरकून नॉर्वे सोयीचं.

विमान ज्या दिवशी पोचतं त्याच दिवशी जहाज गाठायचं नाही. एक रात्र आधी पोचा, अंटार्क्टिकासाठी दोन. जहाज थांबत नाही, आणि पुढच्या बंदरावर जाऊन गाठायचा खर्च तुमचा. साताऱ्याहून मुंबई विमानतळ सुमारे अडीचशे किलोमीटर, सांगलीहून पावणेचारशेच्या घरात. शनिवार-रविवारी खंबाटकी आणि खंडाळा घाटात तास-दोन तास जाऊ शकतात, ते धरूनच निघा. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरूनच चढायचं असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, सीएसएमटीहून धक्का टॅक्सीने जवळ आहे.

जहाजावर डॉक्टर असतो ना?

लांबच्या सफरींवर सहसा एक असतो, अगदी लहान जहाजांवर नसूही शकतो. ऑपरेशन, डायलिसिस होत नाही. म्हणून विम्यात "वैद्यकीय स्थलांतर" हवंच, किती रकमेचं ते कंपनीकडून लेखी घ्या. बीपी-शुगर अर्जात लपवलं तर दावा नाकारला जातो. गोळ्या सफरीच्या दिवसांपेक्षा दहा दिवसांच्या जास्त घ्या, हातातल्या बॅगेत, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

मोबाइल?

चढल्याबरोबर एअरप्लेन मोड. फोन जहाजाचं समुद्री नेटवर्क पकडतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. वायफाय स्वतंत्रपणे चालू करा.

पहिल्या दिवशी आणि शेवटच्या रात्री काय विसरतं?

पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत. २०१२ साली कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. त्यानंतर ती निघण्याआधी किंवा निघताच घेणं बंधनकारक झालं. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे लाइफजॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जायचं. केबिनपासून तिथपर्यंत एकदा जिन्याने चालून बघा, लिफ्टने नाही.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे, चपला, चष्मा, दाताची कवळी, गोळ्या आणि पासपोर्ट बाहेर काढून मगच चेन लावा. नाइट ड्रेसवर नाश्त्याला आलेलं कोणी ना कोणी असतंच.